शस्त्रक्रियेनंतर शरीरात राहून जाणाऱ्या वस्तू : कारणे, लक्षणे आणि प्रतिबंध



वार्षिक अहवालातील आकडेवारी, जमाखर्च व उपक्रमांची माहिती आपण आस्थेने वाचता, याची आम्हांस जाणीव आहे. त्यासोबत आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाची सविस्तर ओळख करून द्यावी, असा प्रयत्न आम्ही करीत असतो. यंदा निवडलेला विषय काहीसा अप्रिय आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलेली एखादी वस्तू, बहुधा रक्त टिपण्याचा कापडी मॉप किंवा गॉजचा तुकडा, रुग्णाच्या शरीरात राहून जाणे, हा तो विषय होय. अशा घटना विरळा घडतात. परंतु ज्या घरात घडतात त्या घराचे जीवन उलटेपालटे करून जातात. रुग्णालयांनी या विषयावर मौन पाळण्याची प्रथा आहे. मौनाने रुग्णाचेही हित होत नाही आणि रुग्णालयाचेही नाही, अशा विचाराने आम्ही हे लेखन करीत आहोत.

मराठवाड्यातील एक प्रकरण

या विषयावर भारतात जे न्यायनिवाडे आधारभूत मानले जातात, त्यांतील एक आपल्या मराठवाड्यातला आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय रुग्णालयाच्या प्रसूती विभागात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. १० जुलै रोजी तिला मुलगा झाला. प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची हे आधीच ठरले होते, त्याप्रमाणे १३ जुलैला ती करण्यात आली. शस्त्रक्रिया साधी होती. मात्र त्यानंतर रुग्णेस जोराचा ताप भरला व पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. प्रकृती खालावत गेली. १९ जुलैला दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी तीच जखम पुन्हा उघडली, तेव्हा पोटात राहिलेला मॉप आढळला. सभोवती पू झालेला होता. मॉप काढण्यात आला, पण उशीर झाला होता. २४ जुलै १९६३ रोजी त्या मातेचा मृत्यू झाला.

तिच्या पतीने व मुलांनी न्यायालयात दाद मागितली. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल कायम केला. घटनेपासून अंतिम निकालापर्यंत सुमारे तेहतीस वर्षे लोटली. जन्मल्यापासून दोन आठवड्यांत आईला मुकलेले ते बाळ एव्हाना बत्तिशी ओलांडून गेले असेल.

या निकालातील दोन गोष्टी प्रत्येक रुग्णालयाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली अशी की, पोटात मॉप राहणे ही घटनाच निष्काळजीपणाची साक्ष देते. तो कोणाच्या हातून राहिला याचा शोध घेत बसण्याचा भार रुग्णाच्या कुटुंबावर टाकता येत नाही. दुसरी अशी की, रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी कार्य आहे म्हणून शासनाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या चुकीच्या जबाबदारीतून मुक्त होता येत नाही. त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली होती. जे रुग्णालय काही रुग्णांकडून शुल्क घेते व काहींना मोफत सेवा देते, तेथील मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. सेवाभाव हे सावधगिरीतून मिळालेले सूटपत्र नव्हे. ज्याने शुल्क भरले नाही, त्याच्याही पोटातील मॉप तितक्याच काळजीने मोजला गेला पाहिजे.

नेमके काय राहते?

सर्वसामान्य समजूत अशी की, डॉक्टर कात्री किंवा चिमटा विसरतात. वर्तमानपत्रांतील मथळेही तसेच असतात. धातूची उपकरणे राहिल्याच्या घटना घडतात हे खरे. परंतु अधिक प्रमाणात राहतात त्या कापसाच्या वस्तू. त्याचे कारण समजण्यास सोपे आहे. चिमटा चकाकतो, हाताला कठीण लागतो. मॉप मात्र रक्ताने भिजला की सभोवतालच्या अवयवांसारखाच दिसतो, त्यांच्यासारखाच मऊ लागतो आणि आतड्यांच्या वेटोळ्यांत सहज दडतो.

कापडी वस्तू राहून तिच्याभोवती जी गाठ तयार होते, तिला वैद्यकशास्त्रात ‘गॉसिपिबोमा’ म्हणतात. यातील पहिला भाग ‘गॉसिपियम’ या लॅटिन शब्दावरून आला. परभणीकरांस हा शब्द अगदीच परका नाही, कारण कपाशीच्या झाडाचे शास्त्रीय नाव गॉसिपियम हेच आहे. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात देशी कपाशीच्या ज्या वाणांवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले, ती ‘गॉसिपियम आर्बोरियम’ या जातीची. देशी कापसाचा आखूड व जाडसर तंतू पाणी व रक्त चांगले शोषून घेतो, म्हणून दवाखान्यातील शोषक कापसासाठी तो उपयुक्त मानला जातो. ज्या गुणामुळे कापूस शस्त्रक्रियेत हवाहवासा वाटतो, त्याच गुणामुळे तो आत राहिला असता अपाय करतो. तो रक्त व द्रव शोषून फुगतो, जंतूंना आसरा देतो आणि विरघळत मात्र नाही. टाक्यांसाठी वापरले जाणारे काही धागे शरीरात कालांतराने विरघळतात; कापूस वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो.

अशा घटनांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत १८८४ पासून आढळते. म्हणजे पोट उघडून शस्त्रक्रिया करणे जेव्हा रुळू लागले, जवळपास तेव्हापासून हा धोका तिच्यासोबत चालत आला आहे.

शरीर काय करते?

परकी वस्तू आत राहिली की शरीर दोहोंपैकी एका मार्गाने तिला उत्तर देते.

पहिला मार्ग उघड संघर्षाचा. काही दिवसांत अथवा आठवड्यांत त्या ठिकाणी जंतुसंसर्ग होतो, पू साठतो, ताप येतो, पोट दुखते. जखम भरून येत नाही, किंवा भरल्यासारखी वाटून पुन्हा पाझरू लागते. शरीर त्या वस्तूला बाहेर ढकलू पाहते. त्या प्रयत्नात त्वचेपर्यंत किंवा आतड्यापर्यंत नळीसारखी वाट तयार होते. १९६३ च्या प्रकरणात हाच मार्ग होता. हा मार्ग धोक्याचा खरा, पण त्यात आजार स्वतःची वर्दी देतो.

दुसरा मार्ग मूक तडजोडीचा. जंतुसंसर्ग झाला नाही तर शरीर त्या वस्तूभोवती तंतुमय आवरण विणते आणि तिला कोंडून ठेवते. रुग्णास काही महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे, विशेष त्रास होत नाही. अधूनमधून पोटात ओढल्यासारखे वाटते, अपचन होते, कधी हाताला गाठ लागते. तपासणीत ती अर्बुदासारखी दिसू शकते, आणि कर्करोगाच्या शंकेने रुग्णाचे व घरच्यांचे धाबे दणाणते. काही वेळा कोंडलेली वस्तू हळूहळू आतड्याची अथवा मूत्राशयाची भिंत झिजवून आत शिरते व आतड्याचा मार्ग अडविते.

‘चूक पोटात घालणे’ म्हणजे क्षमा करणे, असा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे. शरीर काही काळ तसे करतेही. परंतु तेवढ्यावरून चूक नाहीशी झाली असे होत नाही. निदान होताच ती वस्तू काढून टाकणे हाच बहुतेक रुग्णांसाठी उपाय असतो, आणि विलंब जितका अधिक तितकी दुसरी शस्त्रक्रिया अवघड होते, कारण आतडी त्या गाठीला घट्ट चिकटलेली असतात.

असे का घडते?

‘डॉक्टर निष्काळजी होते’ हे उत्तर न्यायालयापुरते पुरेसे असेल. पुढच्या रुग्णाला वाचविण्यासाठी ते पुरेसे नाही. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास २००३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील नोंदींच्या आधारे प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे पैनगंगेपलीकडील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. तेथून शिकून ते अमेरिकेत शल्यचिकित्सक झाले. हे नाते आम्ही अभिमानापोटी सांगतोच. त्याशिवाय ज्या मातीतून आपले रुग्ण येतात त्या मातीशी नाते असलेल्या घरातून हा विचार पुढे आला, हेही लक्षात यावे म्हणून सांगतो.

या अभ्यासात ५४ रुग्णांच्या शरीरात राहिलेल्या ६१ वस्तूंची छाननी झाली. त्यांपैकी ६९ टक्के वस्तू मॉप व गॉज या प्रकारातील होत्या, ३१ टक्के उपकरणे होती. ३७ रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. तातडीने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांत हा धोका सुमारे नऊपट, तर ऐनवेळी शस्त्रक्रियेचे स्वरूप बदलावे लागल्यास सुमारे चौपट आढळला. रुग्ण स्थूल असणे हेही एक कारण दिसून आले. रुग्णालयात दाखल करून केलेल्या ८,८०१ ते १८,७६० शस्त्रक्रियांमागे अशी एक घटना घडत असावी, असा त्यांचा अंदाज होता.

आणखी एक निष्कर्ष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत मोजणी झाली होती, त्यांतील बहुतेकांच्या कागदपत्रांवर ‘मोजणी बरोबर’ अशीच नोंद होती. म्हणजे मोजणी झाली, सही झाली, आणि तरीही मॉप आत होता. मोजणी करणे वेगळे आणि मोजणी नीट होईल अशी परिस्थिती निर्माण करणे वेगळे, हे त्यावरून ध्यानात येते.

आपल्या भागातील परिस्थिती या निष्कर्षाशी ताडून पाहावी. जिंतूर, पालम, सोनपेठ यांसारख्या तालुक्यांतील दूरच्या गावांहून अडलेली बाळंतीण रात्री-अपरात्री येते. वाटेत दोन ठिकाणी थांबून, पावसाळ्यात ओढ्याचे पाणी उतरण्याची वाट पाहून ती पोहोचते, तेव्हा आई आणि बाळ दोघांचेही प्राण पणाला लागलेले असतात. शस्त्रक्रिया मिनिटांच्या हिशेबाने सुरू होते. रक्तस्राव थांबत नाही, मॉपचे गठ्ठ्यामागून गठ्ठे फोडले जातात, रक्तपेढीकडे माणूस धावतो. अशा वेळी मोजणारी परिचारिका एकटी असेल आणि तिलाच बाळाकडे, औषधाकडे व दूरध्वनीकडे पाहावे लागत असेल, तर आकडा चुकणे अस्वाभाविक नाही. तिला दोष देणे सोपे आहे. तिच्या सोबतीला दुसरी परिचारिका देणे खर्चिक आहे. आमच्या मते खरा प्रश्न येथे आहे.

मोजणी कशी असावी?

शस्त्रक्रियागृहातील मोजणी ही दिसायला शाळकरी गोष्ट आहे, पण तिचे नियम काटेकोर आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी सर्व मॉप, गॉज, सुया व उपकरणे दोन व्यक्तींनी मिळून, मोठ्याने उच्चार करून मोजावीत आणि आकडा फळ्यावर लिहावा. मधेच नवा गठ्ठा फोडला तर तो त्याच क्षणी मोजून फळ्यावर वाढवावा. सिझेरियनमध्ये गर्भाशय शिवण्यापूर्वी, नंतर पोट बंद करण्यापूर्वी आणि शेवटी त्वचेचे टाके घालताना पुन्हा मोजावे. परिचारिकांची पाळी बदलली तर जाणारीने येणारीला मोजून द्यावे. गॉजचा तुकडा ऐनवेळी कापून दोन करू नये, कारण एकाचे दोन झाले की सारा हिशेब बिघडतो. मोजणी पुरी होईपर्यंत वापरलेल्या मॉपची बादली, कपडे किंवा कचऱ्याची पिशवी शस्त्रक्रियागृहाबाहेर जाऊ नये. ती उचलणाऱ्या मावशींनाही हा नियम ठाऊक असला पाहिजे.

आकडा जुळला नाही तर पोट बंद करू नये. प्रथम पोटात, नंतर बादलीत, कपड्यांत, टेबलाखाली शोध घ्यावा. तरीही हिशेब लागला नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढावा. या एक्स-रेचा उपयोग व्हायचा तर मॉपमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला हवा. असा धागा नसलेला साधा गॉज एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. थानातून कापून घडी घातलेला गॉज स्वस्त पडतो, धाग्याचा मॉप महाग पडतो. जखमेवरील पट्टीसाठी पहिला चालेल. पोटाच्या आत मात्र दुसराच वापरला जावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया सुरक्षिततेची १९ कलमी तपासणी सूची प्रसिद्ध केली. ती सिद्ध करण्याच्या कामाचे नेतृत्वही डॉ. गावंडे यांच्याकडे होते. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांवर सर्वांनी थांबून ठरलेल्या बाबींची एकमेकांकडून खात्री करावयाची, अशी तिची रचना आहे. शेवटच्या टप्प्यात उपकरणे, मॉप व सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगावयाचे असते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या सूचीचा अनुभव घेण्यात आला. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, तर रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागले नव्हते.

या सूचीचा एक सामाजिक अर्थही आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रियागृहात सर्वांत ज्येष्ठ शल्यचिकित्सक असतात आणि मोजणारी परिचारिका पुष्कळदा सर्वांत कनिष्ठ असते. ‘सर, एक मॉप कमी आहे, थांबा,’ असे म्हणण्याचे धैर्य तिला हवे, आणि ते ऐकून थांबण्याची रीत सरांना हवी. ही रीत परिपत्रकाने रुजत नाही. ती प्रत्येक शस्त्रक्रियेत, काही अडचण नसतानाही, पाळल्यानेच रुजते.

मुद्दाम ठेवलेल्या वस्तू आणि विसरलेली तारीख

शरीरात आढळणारी प्रत्येक वस्तू चुकीने राहिलेली नसते, हे आप्तेष्टांनी ध्यानात घ्यावे. हाडातील पट्ट्या व स्क्रू, हर्नियासाठी बसविलेली जाळी, पित्ताशय काढताना लावलेल्या धातूच्या बारीक क्लिप या हेतुपूर्वक ठेवल्या जातात. अतिरक्तस्राव आवरत नसेल तर काही वेळा शल्यचिकित्सक मॉप मुद्दाम आत दाबून ठेवतात व एकदोन दिवसांनी काढतात. त्याची संख्या कागदावर नोंदलेली असते व नातेवाइकांना सांगितलेली असते. एक्स-रेमध्ये काही चमकले म्हणून घाबरून जाऊ नये. प्रथम शस्त्रक्रियेचे कागद डॉक्टरांस दाखवावेत.

परंतु मुद्दाम ठेवलेली वस्तूही वेळेवर काढली नाही तर अपाय करते. याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड व मूत्राशय यांच्यामध्ये ठेवली जाणारी ‘डीजे स्टेंट’ ही मऊ नळी. तिचे काम तात्पुरते असते. साधारणपणे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत, ती काढावी लागते. रुग्णास बरे वाटू लागते, बाहेरून काही दिसत नाही, आणि नळीचा विसर पडतो. मग तिच्यावर खड्यासारखे थर चढतात, लघवीत संसर्ग होतो, नळी तुटते, आणि वर्षांनुवर्षे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

आपल्या जिल्ह्यात या विस्मरणाला एक वेगळी बाजू आहे. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. आश्विनात बसविलेल्या नळीची तारीख मार्गशीर्षात येते, तेव्हा रुग्ण सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातील एखाद्या फडात कोयता चालवीत असतो. उचल घेतलेली असल्यामुळे मधेच गावी येणे त्याच्या हाती नसते. त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे ठरेल. म्हणून नळी बसविताना ‘पुढील सहा महिने आपण कोठे असाल?’ हा प्रश्न विचारला जावा, स्टेंटची स्वतंत्र नोंदवही असावी, काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहिलेली असावी, आणि कारखान्याच्या परिसरातील कोणत्या रुग्णालयात नळी काढता येईल हेही सांगितले जावे. शस्त्रक्रियागृहातील मोजणी दाराशी संपते. ही मोजणी मात्र रुग्णाच्या पाठोपाठ फडापर्यंत गेली पाहिजे.

आप्तेष्टांनी काय करावे?

शस्त्रक्रियेनंतर थोडा ताप, थोड्या वेदना स्वाभाविक असतात, आणि पुढील बहुतेक तक्रारींची कारणे साधी असतात. तथापि खालील बाबी आढळल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी :

१. पोटदुखी किंवा ताप दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत जाणे, अथवा औषध थांबविताच परतणे.

२. जखम वारंवार पाझरणे, भरून पुन्हा फुटणे.

३. बाळंतपणानंतर अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाणे. याविषयी बोलण्यास स्त्रिया संकोचतात. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी आपणहून विचारावे.

४. शस्त्रक्रियेच्या जागी गाठ लागणे, सतत उलट्या होणे, पोट फुगून शौचास न होणे.

५. पूर्वी केव्हाही, अगदी दहा-पंधरा वर्षांपूर्वी, पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणत्याही नव्या तपासणीच्या वेळी ती आवर्जून सांगणे. सोनोग्राफीत आणि विशेषतः सीटी स्कॅनमध्ये अशी वस्तू ओळखता येते. मात्र डॉक्टरांच्या मनात ती शंका यावी लागते.

दुखणे अंगावर काढण्याचे परिणाम केवळ शारीरिक नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाली काढलेल्या एका प्रकरणात गोव्यातील एका परिचारिकेची १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर पोटदुखी सुरूच राहिली, आणि २००२ मधील दुसऱ्या शस्त्रक्रियेत गॉज आढळल्याची तिची तक्रार होती. आत वस्तू राहिल्याचे कळणेच अशक्य असेल तर ती कळल्या दिवसापासून मुदत धरता येते, हे न्यायालयाने मानले. मात्र ही रुग्णा स्वतः अनुभवी परिचारिका असूनही नऊ वर्षे तिने मूळ शल्यचिकित्सकांकडे विचारणा केली नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरविण्यात आली. गॉज राहिला की नाही, या प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे.

शस्त्रक्रियेची कागदपत्रे मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांचे कागद तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. ‘मोजणी झाली का, आत काही ठेवले आहे का, ते केव्हा काढावयाचे?’ हे तीन प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. आम्हांस ते जरूर विचारावेत.

विश्वस्त व देणगीदारांस विनंती

देणगीतून उभी राहिलेली इमारत दिसते, तिच्यावर नाव कोरता येते. नव्या यंत्राचे उद्घाटन करता येते. रात्रपाळीत उभ्या असलेल्या दुसऱ्या परिचारिकेचे उद्घाटन होत नाही. धागा विणलेल्या मॉपच्या गठ्ठ्यावर कोनशिला बसत नाही. स्टेंटच्या नोंदवहीतील तारखा पाहून ऊसतोड कामगाराच्या मुकादमास दूरध्वनी करणाऱ्या कर्मचाऱ्याचे छायाचित्र अहवालात छापले जात नाही. आणि या सर्वांचे यश असे की, त्यातून काहीच घडत नाही : पोटात काही राहत नाही, बाळाची आई घरी जाते, आणि कोणाला काही कळतही नाही.

न घडलेल्या गोष्टीचा हिशेब जमाखर्चात मांडता येत नाही, ही अशा खर्चाची अडचण आहे. म्हणूनच तो सर्वांत आधी कपातीला येतो. खर्चाच्या तक्त्यातील ‘परिचारिका वेतन’, ‘मॉप व गॉज’ आणि ‘पाठपुरावा’ या नीरस शीर्षकांकडे आपण याच दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे. तसेच मोजणी न जुळल्याचे प्रसंग किती आले आणि त्या वेळी काय केले गेले, हा प्रश्न विश्वस्त मंडळाने दर बैठकीत विचारावा. असे प्रसंग नोंदविले जाणे म्हणजे परिचारिका बोलत आहेत आणि शल्यचिकित्सक थांबत आहेत, असा त्याचा अर्थ घ्यावा. एकही प्रसंग नोंदला गेला नाही, तर समाधान मानण्यापूर्वी आणखी चौकशी करावी.

दुर्दैवाने अशी घटना घडलीच, तर ती प्रथम रुग्णास सांगितली गेली पाहिजे, आणि ती रुग्णालयाने सांगितली पाहिजे; योगायोगाने अन्य कोणी शोधून काढेपर्यंत वाट पाहणे योग्य नव्हे. पुढील उपचाराचा भारही त्या कुटुंबावर पडू नये. १९६३ मधील त्या मातेच्या कुटुंबास ही गोष्ट न्यायालयाकडून वदवून घेण्यास तेहतीस वर्षे लागली. तेवढे थांबण्याची पाळी आपल्या दारी आलेल्या कोणत्याही कुटुंबावर येऊ नये.

आपला विश्वास हेच आमचे बळ आहे. तो वाढता राहावा आणि मोजणीचा फळा रोज भरून पुसला जावा, हीच प्रार्थना.